सतरा नंबरची कुपी

ओहोटी रात्री पावणेदोनला लागली.
तोवर चोडणच्या चिखलात मी चार कडी रोवून ठेवली होती
आणि त्यांवर पालथी घातली होती चार पारदर्शक भांडी.
कागदोपत्री त्यांचं नाव कक्ष.
इनासबाब म्हणतो, कोंबड्या डालायच्या टोपल्या.

काम तसं सोपं.
रबरी बुचात सुई खुपसायची,
शून्याला, पंधराला, तिसाला, पंचेचाळिसाला
आतली हवा ओढून कुपीत भरायची,
कुपीवर आकडा घालायचा.
चिखल किती सोडतो आणि तिवरं किती घेतात
ते पुढे यंत्र सांगतं, चार दिवसांनी,
वीज न गेल्यास.

पथ्य एकच:
बुचाजवळ श्वास सोडायचा नाही.
आपल्या एका उच्छ्वासात
बाहेरच्या हवेच्या शंभरपट कर्बवायू असतो.
म्हणून मी वारा जातो त्या अंगाला बसते
मान वळवून,
भांडून अबोला धरल्यासारखी.

माझ्या साताऱ्यात मानस म्हणजे मन.
इथे मानस म्हणजे दार.
बांधातलं लाकडी दार,
भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारं
आणि ओहोटीला आपोआप सैल होणारं.
इनासबाब तिचा राखणदार, बावीस वर्षं.
रात्री कंदील घेऊन यायचा,
फळीच्या फटीत चिकण माती आणि पेंढा कोंबायचा,
दाराशी जाळं लावून कोळंबी धरायचा.
मग खनिजाच्या बार्जा वाढल्या,
त्यांच्या लाटांनी बांध आतून पोखरला
आणि एका अमावास्येच्या उधाणात मानस गेली.
"गेली" म्हणताना तो हात असा करतो
जसं घरातलं कोणी गेलं.

तिथे कोरगुट पिकायचा.
आता गुडघाभर तिवरं,
त्यांची चिखलातून वर आलेली मुळं,
पेन्सिलीएवढी, हजारो, सगळी हवा मागणारी.
त्यांच्यामधून निवट्या टणाटण उड्या मारतात
आणि माझ्या कड्यांवर चढून बसतात.

बांधापलीकडे अजून एक गोडं शेत टिकलंय,
तिथेही माझे चार कक्ष आहेत.
तीन महिन्यांचे आकडे त्या रात्री मी त्याला वाचून दाखवले,
दाखवायला नको होते.
गोड्या पाण्याखालचा चिखल मिथेनचे बुडबुडे सोडतो, भरपूर.
खारं पाणी शिरलं की ते मंदावतात.
शिवाय तिवरं कर्ब मुळाशी पुरून ठेवतात.
माझ्या वहीत ही चांगली बातमी होती,
हिरव्या शाईने अधोरेखित.

तो बराच वेळ बांधावर उकिडवा बसून राहिला.
मग विचारलं,
"म्हणजे म्हजें शेत बुडलें तें बरें जालें?
मळबाक बरें?"

माझ्याकडे रकाने होते:
तापमान, क्षारता, पाण्याची उंची, वेळ.
मी म्हटलं, तसं नाही,
मग म्हटलं, तसंही आहे,
मग सुईचं टोपण शोधू लागले.

तीन पंधराला तो उठून आला,
कक्षावर वाकला,
आत काय दिसतंय ते बघायला.
आत काही दिसत नाही. थोडी वाफ, एक खेकड्याचं बीळ.
त्याने उसासा सोडला, लांब, अगदी बुचावर,
आणि माझा हात त्याच क्षणी दट्ट्या ओढत होता.

सतरा नंबर.

आलेखात ती कुपी
बाकीच्या ठिपक्यांवर कुठल्या कुठे उभी आहे,
रांग सोडून गेलेल्या माणसासारखी.
सर म्हणाले, दूषित नमुना, खोडून टाक.
मी खोडला. पेन्सिलीने.
शेऱ्यात काय लिहावं ते सुचेना,
"मानस" लिहिलं आणि तेही खोडलं.
कुपी अजून माझ्या खणात आहे,
अर्धी भरलेली,
यंत्राने घेऊन उरलेला अर्धा उसासा.

पुढच्या पौर्णिमेला होडी लागली तेव्हा
तो आधीच बांधावर आला होता,
चारही भांडी धुऊन पालथी मांडलेली,
आणि स्वतः दूर, वारा जातो त्या अंगाला,
नाकातोंडाला पंचा घट्ट बांधून.